डाव्या गालावरची तीट

"वहिनी, गालावरचा ठिपका पुसून घ्या. सरकारी फोटो आहे," असं शहेबाजनं स्पष्ट सांगितलं होतं. निशिगंधा ते नाकारत नाही. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या त्याच्या दुकानात फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म या चारही विद्या एकाच टेबलावर चालतात, आणि त्यानं ओला रुमालसुद्धा पुढं केला होता. पण मांडीवरची सात महिन्यांची रेवा नुकती रडायची थांबली होती, बाहेर कंटेनरांची रांग भोंगे वाजवत होती, आणि निशिगंधा एम.कॉम. असल्यामुळे कुठल्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं हे तिला कळतं असा तिचा समज होता. ती म्हणाली, "एवढासा तर ठिपका. कोण बघतंय?"

पुढच्या चार महिन्यांत तिला कळलं की हा ठिपका बघण्यासाठी दोन देशांनी मिळून माणसं नेमलेली आहेत. शिवाय त्या माणसांनी आपल्या वतीनं बघायला दुसरी माणसं नेमलेली आहेत.

ठिपक्याचा थोडा खुलासा करायला हवा. निशिगंधाच्या सासूबाई इंदुताई निघोज्याच्या. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरून, जमलेली काजळी लोण्यात खलून, त्या दर शनिवारी घरी काजळ करतात. बालरोगतज्ज्ञांनी डोळ्यांत काजळ घालायला सक्त मनाई केल्यावर घरात तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी तह झाला: डोळे डॉक्टरांचे, गाल आजीचा. तेव्हापासून रोज आंघोळीनंतर इंदुताई करंगळी बुडवून रेवाच्या डाव्या गालावर तीट लावत. फोटोच्या दिवशी ती नेहमीपेक्षा दुप्पट मोठी होती. "मानसाचा डोळा परवडला," त्यांचं म्हणणं, "पन कॅमेऱ्याचा डोळा लई वाईट. त्यो मिटत न्हाई."

आणि हा सगळा खटाटोप होता प्रज्वलसाठी. प्रज्वल हा निशिगंधाचा नवरा. महाळुंग्याच्या कंपनीत मशीन बसवायच्या कामावर होता, आणि कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी युरोपातल्या एका देशात धाडलं होतं. (देशाचं नाव लिहू नका असं निशिगंधानं बजावलंय. तिथला तिचा राहण्याचा परवाना अजून यायचाय आणि न जाणो, कुणी बघत असेल.) तो गेला तेव्हा तिला पाचवा महिना होता. म्हणजे बापानं लेकीला अजून हातात घेतलेलं नव्हतं. तो रोज संध्याकाळी फोनच्या काचेवर बोट फिरवायचा आणि इकडे रेवा तेच बोट धरायला काच चाटायची. निशिगंधा फोन पुसून ठेवायची, आणि मग स्वतःच थोडा वेळ तो गालाला लावून बसायची. फोन गरम असायचा, एवढंच.

"चालायला लागली नाही ना?" प्रज्वल विचारायचा.

"अरे, सात महिन्यांची आहे."

"नाही, तरी. मी बघेपर्यंत चालू देऊ नकोस तिला."

हे त्यानं हसत म्हटलं होतं. निशिगंधानं मात्र ते कामाच्या यादीत लिहून घेतलं.

रेवाचा पासपोर्ट महिनाभरात आला. फोटोत गालावर एक टपोरा, काळाभोर, सरकारमान्य ठिपका. शिवाय शहेबाज हा प्रामाणिक माणूस. फॉर्ममध्ये 'दिसणारी ओळखखूण' असा रकाना आला तेव्हा त्यानं फोटोकडे पाहिलं, निशिगंधानं आपला सल्ला कसा उडवून लावला होता ते आठवलं, आणि लिहिलं: डाव्या गालावर काळा तीळ. "फोटोत जे आहे ते फॉर्मात पाहिजे वहिनी," तो नंतर म्हणाला. व्हिसाचा फॉर्मही त्यानंच भरला आणि तीच ओळखखूण इमानानं पुढं नेली. व्हिसासाठी नवा फोटो काढताना मात्र त्यानं कुणाला न विचारता ठिपका स्वतःच्या हातानं पुसला. गाल कसा लख्ख. दुकानातल्या सगळ्यांनी वाखाणणी केली.

व्हिसा केंद्र पुण्यात, एका काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. दारात त्या देशाचं नाव, भिंतीवर त्या देशातल्या डोंगरांचं चित्र, त्यामुळे निशिगंधाला वाटलं की आता आपण त्या सरकारच्या दारात आलो. ती पदर सावरून उभी राहिली. दारावरच्या रक्षकानं रेवाची दुधाची बाटली हुंगली आणि पॉवर बँक काढून घेतली. तो केंद्राचा नव्हता, सुरक्षा एजन्सीचा होता. टोकन देणारी मुलगी तिसऱ्याच एजन्सीची. आत फोटोचं मशीन होतं ते आणखी कुणाचं. काउंटरवर शेखर नावाचा तरुण बसला होता, गळ्यात निळी फीत, आवाज गोड. निशिगंधाचे कागद त्यानं बघता बघता पार केले. मग रेवाचा पासपोर्ट उघडला, नवा फोटो शेजारी ठेवला आणि रेवाकडे पाहिलं. रेवानं त्याच्याकडे पाहिलं. दोघांनी बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, पासपोर्टात तीळ आहे. फॉर्मात तीळ आहे. फोटोत नाही. बाळावरही नाही."

"तो तीळ नाहीच. तीट आहे ती."

"ते मला कळलं," शेखर म्हणाला. "माझ्या भाचीलाही लावतात. पण मला कळून उपयोग नाही. माझ्या चेकलिस्टमध्ये तीट नाही. 'ओळखखूण जुळते, होय की नाही', एवढंच आहे."

"मग तुम्ही ठरवा ना, जुळते म्हणून."

"आम्ही ठरवत नाही मॅडम. आम्ही फक्त कागद घेतो आणि पाठवतो. ठरवतो दूतावास."

"मग त्यांना विचारा."

शेखरनं असा चेहरा केला, जणू तिनं त्याला गणपतीशी फोनवर बोलायला सांगितलंय. "आम्ही त्यांच्याशी बोलत नाही. त्यांना पाठवतो."

निशिगंधानं दूतावासाला मेल केला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, आणि ती हरखली. उत्तरात लिहिलं होतं की सर्व शंकांसाठी व्हिसा केंद्राशी संपर्क साधावा. व्हिसा केंद्राच्या मदतक्रमांकावर फोन केला तर तो तिसऱ्याच शहरातल्या कॉल सेंटरला लागला. तिथल्या मुलीनं तिला संकेतस्थळावरचा तोच परिच्छेद वाचून दाखवला जो निशिगंधाच्या समोर उघडा होता. दोघींनी तो जवळजवळ एका सुरात वाचला. पासपोर्टमधला फोटो बदलायचा तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं आणि तिकडे तीन महिन्यांत कुटुंब आलं नाही, तर प्रज्वलला दिलेलं कुटुंबाचं घर कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकणार होती.

घरी आल्यावर इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "ह्यात सरकार कुटं हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजी गेटवर ठेकेदाराचा मानूस. आत ठेकेदाराचा मानूस. फोनवर ठेकेदाराची पोरगी. तुजं सासरं एकोनीस वर्सं कंपनीत गेलं. गनवेश कंपनीचा, डबा खायचं कँटीन कंपनीचं. पन कंपनीनं कदी वळखलं न्हाई त्यास्नी, का तर ते ठेकेदाराचं. मंग व्हिसाचंबी तसंच हाय म्हन की."

सासरे उद्धवराव जाऊन सहा वर्षं झाली. हाताला मशीन लागलं तेव्हा ठेकेदार म्हणाला कंपनीला विचारा, कंपनी म्हणाली ठेकेदाराला विचारा. ही गोष्ट इंदुताईंनी याआधी सुनेला इतक्या शांतपणे कधी सांगितली नव्हती. निशिगंधानं रेवाला उगीच जवळ ओढलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या सुरय्यानं, म्हणजे शहेबाजच्या मोठ्या बहिणीनं, सरळ तोडगा काढला. "सांग ना, लेसरनं तीळ काढला. आजकाल सगळे काढतात."

"आठ महिन्यांच्या बाळाचा?"

"हौस म्हणायचं. एकुलती एक आहे." मग भावाच्या वतीनं ओशाळून ती म्हणाली, "त्या येड्याला मी बोलले. तर म्हणतो, मी सांगितलेलं. सगळ्या गल्लीला सांगत फिरतो, मी सांगितलेलं म्हणून."

कोपऱ्यावरच्या सुमनताईंचं मत होतं की आता तीळ गोंदवूनच घ्यावा, म्हणजे कायमचा प्रश्न मिटेल. बालरोगतज्ज्ञांनी दाखला दिला: सदर बालिकेच्या डाव्या गालावर तीळ नाही व पूर्वी असल्याची कोणतीही खूण नाही. सही करताना ते "काजळाचं मी तेव्हाच म्हणालो होतो" हे वाक्य तीन वेळा म्हणाले. आयुष्यात ज्यानं-ज्यानं निशिगंधाला काही सांगितलं होतं, त्या सगळ्यांना या महिन्यात आनंदाचे दिवस आले.

राजगुरुनगरच्या कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र केलं. टायपिस्टनं चष्मा वर करून विचारलं, "ठिपका आहे असं लिहायचं की नाही असं?" शेवटी मजकूर असा झाला: मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की माझ्या मुलीच्या पासपोर्टवरील ठिपका हा तीळ नसून दृष्ट लागू नये म्हणून आजीनं लावलेली तीट आहे, व ती रोज धुतली जाते. निशिगंधानं सही केली. एम.कॉम.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा आपण कुणाची दृष्ट वगैरे मानत नाही असं ती मैत्रिणींना ठणकावून सांगायची. आता तीच दृष्ट स्टॅम्पपेपरवर आली होती.

मग त्याचं परक्या भाषेत भाषांतर. तेही कुणीही केलेलं चालत नाही, यादीतल्याच माणसानं करायचं. यादीतल्या बाईंचा दोन दिवसांनी फोन आला. "दृष्ट कुणाची, ते लिहिलेलं नाही. त्या भाषेत कुणाची ते सांगावं लागतं."

"सगळ्यांचीच," निशिगंधा म्हणाली.

"अधिकाऱ्यांचीही?"

निशिगंधानं विचार केला. "त्यांची सोडून," ती म्हणाली. भाषांतरात तसंच गेलं.

दुसऱ्या खेपेला इंदुताई निघाल्याच. "तुला ठेकेदाराच्या मानसाशी बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू त्याला सायेब समजून बोलतीस. त्यो तुज्यावानीच अडकलेला असतो." कमरेच्या पिशवीत काजळाची डबी होती. रक्षकानं ती उघडली, हुंगली आणि परत दिली. त्याच्या यादीत काजळ नव्हतं.

टोकनसाठी दीड तास लागला. त्या दीड तासात हॉलमधल्या साठेक माणसांनी रेवाकडे पाहून जिभेनं आवाज काढले. निशिगंधा हात धुवायला गेली आणि परत आली तर रेवाच्या गालावर तीट. उजव्या गालावर.

"आई, काय केलंत हे?"

"साठ जनांचं डोळं हायती. डाव्या अंगावर निजलीया, उटवू कशी?"

तेवढ्यात नंबर पुकारला. शेखरनं पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, रेवाला पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "आता तीळ उजवीकडे गेलाय."

निशिगंधाचे डोळे भरले. तिनं पाण्याची बाटली शोधायचं निमित्त करून मान खाली घातली. तिच्या मनात कंपनीचं ते घर आलं, प्रज्वलनं खिडकीला लावलेला गुलाबी पडदा आला, आणि त्या पडद्यामागे रेवाच्याऐवजी आणखी कुणाचं तरी बाळ चालायला लागलेलं दिसलं. तिनं प्रतिज्ञापत्र, दाखला आणि भाषांतर काउंटरवर पत्त्यांसारखं मांडलं.

इंदुताईंनी खुर्ची ओढली. "बाळा, जेवलास का?"

शेखर गांगरला. "अजून नाही मावशी."

"ठरवत न्हाईस तू, व्हय ना? नुसतं पाटवतोस?"

"हो मावशी."

"मंग तुज्याकडनं ठरवायचं आमी मागतच न्हाई. नीट पाटव, येवढंच मागतो. तुला लिवायला जागा आसंल ना कुटं? आमच्या मालकांच्या गेटपासवर आसायची, शेरा म्हनून. कुनी कदी लिवलं न्हाई त्यात. लिवलं असतं तर बरं झालं असतं."

शेखरनं संगणकाकडे पाहिलं. तळाशी एक रकाना होता. तीन वर्षांत त्यानं तो भरला नव्हता, आणि आजूबाजूच्या काउंटरांवरही कुणी भरलेला त्याला आठवत नव्हता.

"बघ आता," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी रुमाल ओला करून रेवाचा उजवा गाल पुसला. मग डबी उघडली, करंगळी बुडवली आणि डाव्या गालावर तीट लावली, पासपोर्टात होती तिथंच, तेवढीच. सात महिने रोज लावलेली जागा. बघावंसुद्धा लागलं नाही. शेखरनं पासपोर्ट धरून पाहिलं. बाळ जुळलं. मग त्यांनी तीही पुसली. शेखरनं फोटो धरून पाहिलं. तेही जुळलं. शेजारच्या काउंटरवरच्या दोन मुली उठून बघायला आल्या. एकीला इंदुताईंचं काजळ कसं करतात ते विचारायचं होतं, पण सुपरवायझर येताना दिसला म्हणून ती बसली.

शेखरनं टाइप केलं. जागा दोनशे अक्षरांचीच होती. खूण पुसता येते, आजीनं काउंटरवर लावून व पुसून दाखवली, मी पाहिलं. खाली आपलं नाव घातलं. घालायची गरज नव्हती. इंदुताईंनी काळा झालेला रुमालही पुरावा म्हणून पुढं सरकवला, तो मात्र त्यानं हात जोडून परत केला. मग रेवाचा मशीनवर फोटो काढायचा होता, तोंड मिटलेलं आणि डोळे उघडे. तिला त्या दिवशी नेमकं उलटं करायचं होतं. त्याला चाळीस मिनिटं लागली, आणि ती एक वेगळीच कथा होईल, म्हणून जाऊ द्या.

पाच आठवडे मोबाइलवर एकच संदेश: अर्ज प्रक्रियेत आहे. पाच आठवड्यांत रेवा उभी राहायला लागली. निशिगंधानं खुर्च्या भिंतीला लावल्या, टीपॉय पलंगाखाली ढकललं, रेवा ज्याला धरून उठेल ते सगळं तिच्या हाताबाहेर नेलं. पोर उभी राहिली की ती तिला अलगद खाली बसवायची. बसवताना तिला स्वतःचीच लाज वाटायची. "उद्या चाल, बाळा," ती पुटपुटायची, "बाबांकडे गेल्यावर चाल." प्रज्वल फोनवर विचारायचा, "चालली नाही ना?" आणि तो आता हसत नसायचा.

मग एका मंगळवारी दुपारी अंगणात इंदुताई शेंगा सोलत बसल्या होत्या. रेवा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. निशिगंधा दोरीवरचे कपडे काढत होती, हातात चादर, म्हणून ती वेळेवर पोचली नाही. रेवानं चौकट सोडली. एक पाऊल, मग दुसरं, मग तिसरं पाऊल आणि इंदुताईंच्या मांडीवर शेंगांच्या टरफलांत आपटली. टाळी दोघींनीही वाजवली नाही. इंदुताईंनी सुनेकडे पाहिलं. निशिगंधानं चादर तोंडाशी धरली.

"म्या काय बगितलं न्हाई," इंदुताई म्हणाल्या. "माजं ध्यान शेंगात व्हतं."

त्याच संध्याकाळी कुरियरवाला आला. पाकीट फक्त अर्जदाराच्याच हातात द्यायचं असा त्याला आदेश होता. निशिगंधाचा व्हिसा आधीच आला होता; या पाकिटाची अर्जदार रेवा होती. तिच्या हातात दिलं. तिनं त्याचा कोपरा चावला. व्हिसा आत होता. नकाराचं कारण लिहायच्या जागी काही लिहिलेलं नव्हतं, आणि मंजुरीचंही. दूतावासात तो शेरा कुणी वाचला की नाही, हे निशिगंधाला आजतागायत माहीत नाही. तिनं शेखरला कळवायला मदतक्रमांकावर फोन केला, तर त्या मुलीनं परिच्छेद वाचायला घेतला.

निघताना विमानतळावर निशिगंधानं डबी हाताशी ठेवली होती, कुठल्या गालावर मागतील सांगता येत नाही. काचेमागे गणवेशातला पोक्त अधिकारी बसला होता. चार महिने आपण शोधत होतो ते सरकार हेच, असं तिच्या लक्षात आलं आणि तिनं पदर सावरला. त्यानं पासपोर्ट उघडला. फोटो पाहिला. रेवाला पाहिलं.

"तीट का?" तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

पोचल्यावर तिसऱ्या दिवशी, त्या गुलाबी पडद्याखाली, रेवानं सोफा सोडला आणि चार पावलं टाकून बापाच्या गुडघ्याला मिठी मारली. प्रज्वल जमिनीवरच बसला आणि हमसून रडला. "पहिलं पाऊल," तो फोनवर आईला सांगत होता, "माझ्यासमोर टाकलं, आई, माझ्याकडे आली." पलीकडून इंदुताई म्हणाल्या, "व्हय का? लई गुनाची हाय माजी बाय." आवाज जरासुद्धा हलला नाही.

आता तिथं बर्फ पडतो आणि रस्त्यावर कुणी रेवाकडे बघून जिभेनं आवाज काढत नाही. कुणी बघतच नाही. तरीही निशिगंधा रोज आंघोळीनंतर तिच्या डाव्या गालावर तीट लावते. परवान्याच्या कचेरीत विचारलं तर जुळायला हवं, असं ती प्रज्वलला सांगते. काजळ संपत आलंय.

इंदुताई फोनवर "बरी हाय" म्हणतात, आणि व्हिडिओवर नुसतं कपाळ दाखवतात, कारण कॅमेऱ्याचा डोळा. सुरय्याही "बऱ्या आहेत" म्हणते, पण ती सगळ्यांनाच तसं म्हणते. इंदुताईंच्या पासपोर्टसाठी शहेबाज दोनदा फॉर्म घेऊन गेला, तर "घर कुनी बगायचं" म्हणून त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मागच्या शनिवारी बोलता बोलता त्यांचा हात क्षणभर पडद्यावर आला. करंगळी काळी होती.

म्हणून निशिगंधाचं एक काम आहे, तुम्ही चाकणकडे जाणार असाल तर. निघोज्यात मारुतीच्या देवळामागं इंदुताईंची निळ्या पत्र्याची पडवी आहे, सुरय्याच्या घराला लागून. शनिवारी जा. चहाला नाही म्हणू नका. दोन वाक्यं बोला आणि बोलता बोलता त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीकडे बघा, दिव्यावर वाटी अजून धरतात का, आणि कुणासाठी. विचारू नका, नुसतं बघून या, आणि निशिगंधाला कळवा. त्या मंगळवारचं मात्र प्रज्वलच्या कानावर घालू नका.